श्रावणात तोडलेला बांबू

दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा सोबत विषयाची एक ओळही आली: 'निसर्गाकडून प्रेरणा घेणारं, पर्यावरणस्नेही फर्निचर'. वाचकांना प्रसन्न वाटेल असं काहीतरी हवं होतं. मी आठ वर्षं हेच काम करते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं मला या ओळीचा राग येत आला आहे. त्यामुळे प्रसन्न वाटेलच, असं नाही.

राग कशाचा ते आधी सांगते. पानशेतच्या बाजूला एका बाईंनी नवं घर बांधलं होतं, शनिवार-रविवारी येऊन राहायचं. व्हरांड्यासाठी त्यांना झाडाच्या बुंध्यासारखी स्टुलं हवी होती. "जमिनीतून उगवल्यासारखी वाटली पाहिजेत हं," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मापं घेताना व्हरांड्यासमोरच्या फरशीत मला एक गोल दिसला. जांभळाचं खोड, फरशीच्या पातळीला कापलेलं. कडेच्या फटीतून त्याला चार तांबूस पानं फुटली होती. हे काय, असं मी विचारलं. "ते ना, गाडी वळत नव्हती," बाई म्हणाल्या. मी "अच्छा" म्हटलं आणि वहीत माप लिहिलं.

दुसरे एक गृहस्थ भोरच्या रस्त्याला, नीरेच्या काठावर बंगला असलेले. त्यांना जेवणाच्या टेबलात नदी हवी होती. म्हणजे लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये निळं, पारदर्शक रसायन ओतायचं, ते घट्ट झालं की नदी. ते प्लॅस्टिकच असतं, असं मी त्यांना सांगितलं. "असू दे की, दिसतं तर नॅचरल!" खिडकीतून खरी नदी दिसत होती. तिच्याकडे त्यांची पाठ होती. तिथेही मी "अच्छा" म्हटलं, फक्त ते काम घेतलं नाही.

हा 'अच्छा' माझा जुना दोष आहे. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले. चारचौघांत मराठी बोलताना मी अडखळते आणि इंग्रजीतही फारशी बोलत नाही. बघते मात्र सगळं. डिझाइन शिकताना मास्तर म्हणायचे की बघणं हेच अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं काय असतं, ते मला फार उशिरा कळलं. ते या लेखात आहे.

कामथडीला हायवेपासून थोडं आत माझी एक पत्र्याची शेड आहे. आम्ही बांबूच्या खुर्च्या, बाकं, दिवे, कपाटं करतो. आकार मी बाहेरून उचलते. सुगरणीचं घरटं खाली निमुळतं का होत जातं, पळसाच्या पानाची शीर कुठे जाड आणि कुठे बारीक होते, हे कागदावर काढत बसते. पण कागदावरची रेघ बांबूत उतरवायला दुसरा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे शिवरामकाका.

काकांचं गाव वेल्ह्यात, पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. थोडी भातशेती आणि पिढ्यान्‌पिढ्या बांबूकाम. धान्याच्या कणग्या, कोंबड्यांच्या डाली, सुपं, टोपल्या. आठवडाभर ते शेडमागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. मी पहिल्यांदा बगळ्याच्या पायांवरून केलेलं खुर्चीचं चित्र दाखवलं, तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

"बगळा कशापायी? बसनाऱ्याला मासं धरायचं हाईत का?"

मी लाल झाले. ते हसले आणि म्हणाले, "आगं पोरी, बगळा एका पायावर उभा ऱ्हातो, कारन त्याला वजन न्हाई. तुजं गिऱ्हाईक काय बगळा हाय?" मग त्यांनी चित्रातले पाय खाली फाकवून दिले. खुर्ची बगळ्यासारखी दिसली आणि तिनं नव्वद किलोचा माणूसही पेलला. आजवर सगळ्यात जास्त खपलेली खुर्ची तीच. तिच्या प्रत्येक फोटोखाली माझं एकटीचं नाव आहे.

खूश असले की ते मला 'पोरी' म्हणत. चिडले की 'म्याडम'.

आता थोडं बांबूबद्दल, कारण पुढचं समजायला ते लागेल. बांबू हे गवत आहे आणि त्याच्या अंगात साखर असते. पावसाळ्यात बेटात नवे कोंब फुटतात, तेव्हा सगळं बेट ती साखर कोंबांना पुरवण्याच्या कामात असतं. त्या दिवसांत तोडलेला बांबू म्हणजे भुंग्यांना आमंत्रण. भुंगा म्हणजे तिळाएवढा किडा. तो काठीत शिरतो आणि आतून पोखरतो. बाहेर बारीक भोकं आणि खाली पिवळसर पीठ, एवढंच दिसतं. म्हणून जुनी माणसं बांबू दिवाळीनंतर तोडतात, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, आणि तीन वर्षांची जून काठीच घेतात. मग महिनाभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवतात, म्हणजे साखर धुऊन जाते. नंतर सावलीत उभा करून वाळवतात. चंद्राचा संबंध किती हे मला ठाऊक नाही. बाकीचं सगळं खरं आहे. ज्यांना एवढे दिवस थांबायचं नसतं, त्यांच्यासाठी आणखी एक उपाय आहे. सोनार वापरतात तो टाकणखार आणि कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर, यांच्या पाण्यात बांबू भिजवायचा.

काकांची परीक्षा याहून साधी होती. ते काठीची एक ढलपी काढून चावायचे. गोड लागली तर काठी बाजूला.

तीन वर्षांपूर्वी, श्रावणात, पानशेतच्या एका नव्या रिसॉर्टच्या मालकांचा फोन आला. नाव देत नाही, फक्त मालक म्हणते. त्यांच्या जागेत मेसाचं, म्हणजे आमच्याकडच्या भरीव बांबूचं, जुनं बेट होतं. खोल्यांतून पाणी दिसावं म्हणून त्यांनी ते आदल्याच आठवड्यात मुळापासून तोडलं होतं. "पण आम्हाला ते वाया घालवायचं नाहीये," ते म्हणाले. "त्याच बांबूच्या खुर्च्या करायच्या. इथलाच बांबू, इथलाच कारागीर. काय स्टोरी आहे बघा!" दसऱ्याला उद्घाटन होतं. जेवणाच्या हॉलसाठी चोवीस खुर्च्या हव्या होत्या.

काका माझ्याबरोबर आले. ढीग पावसात भिजत पडला होता. निम्म्याहून जास्त काठ्या कोवळ्या, काहींवर अजून कोंबाची साल चिकटलेली. काकांनी एक ढलपी चावली, दुसरी माझ्यापुढे धरली. मी चावली. उसाच्या शेंड्याइतकी, अगदी किंचित, पण गोड होती.

"कळलं का? हा खाऊ हाय," ते म्हणाले. "भुंग्याचा खाऊ. ह्येच्या खुर्च्या व्हत न्हाईत."

मी मालकांना सांगायला गेले. वाक्य तयार केलं होतं. त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं नाही. "तुम्ही एक्स्पर्ट आहात ना? काहीतरी मार्ग असेलच." मार्ग होता. मी टाकणखाराचं सांगितलं. त्यांनी लगेच मान्य केलं आणि मी काकांकडे परत आले.

"काका, औषधाच्या पाण्यात भिजवू. महिना नाही लागणार, दहा दिवस पुरतील."

"मला न्हाई पटत."

"जबाबदारी माझी."

त्यांनी ढिगातली एक जून काठी ओढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुजा सबुद म्हनून करतो."

जून काठ्या निवडून टेम्पोनं शेडवर आणल्या. हौद बांधायला घेतला. चौथ्या दिवशी मालकांचा मेसेज आला. माहितीपत्रकात 'शंभर टक्के केमिकल-फ्री' असं छापायचं ठरलंय, तेव्हा ते पावडरचं काही करू नका. नैसर्गिकच राहू द्या. खाली हिरव्या पानाचं चित्र.

मी त्या हिरव्या पानाकडे बघत बसले. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण चोवीस खुर्च्या, मोठं काम, फोटो, नाव. आणि मुख्य म्हणजे फोन उचलून एका मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नाही' म्हणायचं. मी 'ओके' असं लिहिलं.

मग मी एक युक्ती केली. माझ्याकडे लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र आहे, काड्यापेटीहून थोडं मोठं, दोन सुया असलेलं. पत्र्याखाली पंखे लावून मी बांबू झपाट्यानं वाळवला आणि काकांसमोर सुया टोचल्या. आकडा बारा आला. बाराला लाकूड कोरडं समजतात.

"बघा, बारा आलाय. आता भिजवायची गरज नाही."

काकांनी ढलपी चावून थुंकली. "गोड हाय की अजून. म्याडम, तुमच्या त्या डबीला जीभ हाय का?"

मी त्यांना तो आकडा समजावून सांगितला. आयुष्यात मी इतकी सलग मराठी क्वचितच बोलले असेन. माझं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. यंत्र पाणी मोजतं, साखर मोजत नाही, हेही मला माहीत होतं. तेवढं एक वाक्य मी बोलले नाही.

काकांनी खुर्च्या केल्या. हे मला आजही सहन होत नाही. पटत नसतानाही त्यांनी हात राखून काम केलं नाही. प्रत्येक काठी विस्तवावर शेकून वाकवली, प्रत्येक सांधा बांबूच्याच खुंटीनं बसवला, लोखंडाचा एक खिळा नाही. दसऱ्याला हॉलमध्ये चोवीस बगळे उभे राहिले. दारातच एक मोठा फलक लागला. त्यावर काकांचा फेटा बांधलेला फोटो, त्यांचं नाव, गावाचं नाव आणि खाली 'याच मातीतला बांबू, याच मातीतला हात'. काकांना आयुष्यात कुणी फेटा बांधून फोटोला बसवलं नव्हतं. हौसाकाकू, त्यांच्या मंडळी, खास तो फलक बघायला येऊन गेल्या. माझं नाव त्यावर नव्हतं. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं.

माघात पीठ दिसू लागलं. रिसॉर्टमधल्या झाडणाऱ्या बाई काकांच्याच गावच्या. त्या रोज खुर्च्यांखालून पिवळं पीठ गोळा करायच्या आणि कुणी विचारलं तर "भिंतीची धूळ हाय" म्हणायच्या. मला हे नंतर कळलं. होळीनंतर एका रविवारी जेवताना एका पाहुण्याच्या खुर्चीचा पाय मोडला. तो माणूस मागच्या मागे पडला आणि त्याचं मनगट मुरगळलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. हॉलमध्ये सगळे नोकर उभे होते, त्यातले निम्मे काकांच्या ओळखीचे. मोडलेला पाय टेबलावर ठेवला होता. मालकांनी तो आपटला, तसं पीठ उडालं.

"गावातल्या माणसाला संधी द्यावी म्हणून आम्ही हे केलं," ते माझ्याकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि हे काय? किडका माल? यांना बेसिकसुद्धा कळत नाही?"

माझ्या मोबाइलमध्ये तो मेसेज होता, हिरव्या पानासकट. मोबाइल माझ्या हातात होता. मला फक्त तो वाचून दाखवायचा होता.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मुलाला पाळी देतात ना, 'हं, तू सांग', तसं. मी मोडलेल्या पायाकडे बघत होते. पेराच्या आतली नक्षी फार सुंदर पोखरलेली होती, हे मी तेव्हा बघत होते.

मग काका म्हणाले, "माजंच चुकलं सायेब. हात माजं व्हतं."

परतीच्या वाटेवर, पाबे घाटात, मी गाडी थांबवली आणि म्हटलं, "काका, तुम्ही असं का म्हणालात?"

"मंग काय करनार? तितं कुनीतरी बोलाय पायजे व्हतं," ते म्हणाले. "आता चला म्याडम. ऊन व्हतंय."

त्यानंतरच्या शनिवारी गावी गेलेले काका सोमवारी आले नाहीत. पुढच्याही नाहीत. मी फोन करायचे, हौसाकाकू उचलायच्या आणि "शेतात गेल्यात" म्हणायच्या. शेवटी एकदा त्यांनी सांगून टाकलं. गावच्या पिठाच्या गिरणीत त्या दळण घेऊन गेल्या होत्या. रांगेतली एक बाई म्हणाली, "हौसाबाय, तुमच्या घरधन्याच्या कनगीत दानं ठिवायचं का भुंगं पाळायचं?" सगळ्या हसल्या. होळीनंतर काकांकडे कणगी मागायला कुणी आलं नाही. लग्नसराईत सुपं-टोपल्या लागतात, त्या लोकांनी भोरच्या बाजारातून आणल्या. खोऱ्यात चाळीस वर्षं ज्यांच्या कणगीला कधी भोक पडलं नव्हतं, त्यांचं नाव एका उन्हाळ्यात किडलं. माझं काहीच बिघडलं नाही. उलट मला दोन नवी कामं मिळाली. लोकांनी त्या खुर्च्यांचे फोटो मोबाइलवर पाहिले होते. फोटोत भुंगा दिसत नाही.

वैशाखात मी रिसॉर्टवर गेले. खुर्च्या मागच्या बाजूला जाळून टाकल्या होत्या. हॉलमध्ये नवीन खुर्च्या होत्या, वेतासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोऱ्यांनी विणलेल्या. आणि दारात तो फलक तसाच होता. फेटा बांधलेले काका, याच मातीतला बांबू, याच मातीतला हात, आणि खाली प्लॅस्टिक. मी मॅनेजरला विचारलं, हा अजून का ठेवलाय? "पाहुण्यांना आवडतो, मॅडम," तो म्हणाला. "सगळे फोटो काढतात."

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. गाडीतून पेचकस आणला, एक स्टूल ओढलं आणि फलकाचे स्क्रू काढायला लागले. आजूबाजूला लोक मिसळ खात होते. मॅनेजर "मॅडम, मॅडम" करत राहिला. कुणी हात धरला नाही. झाडणाऱ्या बाई येऊन स्टूल धरून उभ्या राहिल्या. मी फलक गाडीत टाकला आणि थेट काकांच्या घरी नेला. मला वाटत होतं की मी काहीतरी फार मोठं केलंय.

काका अंगणात कामट्या तासत होते, बांबू फाडून काढलेल्या लांब पट्ट्या. फलक मी भिंतीला टेकवून उभा केला. त्यांनी कोयता थांबवला.

"कुनी दिला?"

"मी काढून आणला. सगळ्यांसमोर."

"मंग? काय म्हनलीस सगळ्यांना?"

मी फलकावरची धूळ पुसायला लागले.

"काय म्हनलीस म्हनून इचारतोय."

"काही नाही. नुसता काढला."

हौसाकाकू पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. काकांनी पुन्हा कोयता उचलला. "म्हंजी परत मुक्यानंच," ते म्हणाले. "म्याडम, लोकं आता काय म्हनतील ठावं हाय? शिवरामचा फोटू बी काढून टाकला रिसॉर्टवाल्यांनी. लईच वंगाळ माल दिला आसंल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बघणं हेच जिचं काम, त्या माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"मला काय इचारती? म्या न्हाई नाव घालिवलं माजं." कामटीची एक लांब पट्टी त्यांनी ओढून काढली. "आज बुधवार. गिरनी चालू आसंल. जायाचं तर जा."

हौसाकाकूंनी तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि कोपऱ्यातलं ज्वारीचं डबडं उचललं. "चल बाय," त्या म्हणाल्या. "तसं बी पीठ सपलंय."

गिरणी देवळाच्या मागे आहे. आत सात-आठ बाया डबे घेऊन बसल्या होत्या. दोन म्हातारे दारात. काकूंनी डबा रांगेत ठेवला आणि बाजूला सरकल्या. म्हणजे आता मी एकटीच मधे उभी. मी सुरुवात केली, पण गिरणीच्या घरघरीत माझं मलाच ऐकू येत नव्हतं. बाया "काय? काय म्हनती?" करत एकमेकींकडे बघत होत्या. गिरणीवाल्यानं माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि बटण बंद केलं. गिरणी लगेच थांबत नाही. जातं हळूहळू मंदावतं, पट्टा फडफडतो. तेवढा वेळ सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

मग शांत झालं.

"पानशेतच्या खुर्च्यांना भुंगा लागला तो माझ्यामुळे," मी म्हटलं. "बांबू श्रावणात तोडलेला होता. काकांनी चावून सांगितलं होतं, करू नका. मी त्यांना औषधाचा शब्द दिला आणि औषध लावलं नाही. यंत्राचा आकडा दाखवून मी त्यांना फसवलं. मालक सगळ्यांसमोर त्यांना बोलले, तेव्हा मी तिथे होते आणि मी बोलले नाही. काकांच्या हाताची त्यात काही चूक नाही."

वाक्यं तुटक आली, एक-दोन शब्द इंग्रजीत गेले, ते परत मराठीत सांगितले. शेवटी मोबाइल काढून तो मेसेज वाचून दाखवला. हिरव्या पानाचं काय सांगायचं ते कळेना, म्हणून स्क्रीन फिरवून दाखवली. दारातला एक म्हातारा पुढे आला, डोळे बारीक करून त्यानं ते पान बघितलं आणि "हात्तिच्या!" म्हणाला.

कुणी हसलं नाही. एक बाई पुढे सरकली. तीच असावी, भुंगे पाळायचं म्हणणारी, कारण हौसाकाकूंनी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"येवढं समदं यतंय की बोलाया," ती म्हणाली. "मंग होळीपासनं कुठं व्हतीस?"

मी काकूंचा डबा रांगेत पुढे सरकवला. गिरणीवाल्यानं पुन्हा बटण दाबलं.